जुन्या विदेशी सिनेमाची डिस्क पारखताना: 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' समोर ठेवून

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा वेस्टर्न 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' १९६६ च्या डिसेंबरात इटलीत लागला. तेव्हापासून तो घरी बघण्यासाठी इतक्या वेळा निघाला आहे की कुठली आवृत्ती घ्यावी हे नवख्याला कळत नाही. २००४ ची डीव्हीडी आहे, २००९ ची पहिली ब्लू-रे आहे, २०१४ ची ४के (ब्लू-रेच्या चौपट तपशील) रीमास्टरवरून केलेली आहे. शिवाय किनो लॉर्बर या अमेरिकी प्रकाशकाची २०१७ मधली पन्नाशीची आवृत्ती आहे आणि त्यांचीच २०२१ ची ४के यूएचडी डिस्क. प्रत्येकीच्या कव्हरवर गुणगान आहेच. पण एकीत चेहरे गुळगुळीत झाल्याची तक्रार झाली, दुसरीत सगळा सिनेमा पिवळा पडला आणि काही आवृत्त्यांत बंदुकांचे आवाजच नवे भरले गेले. रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या फिल्मची दुरुस्ती, पारखायला शिकायचं तर याहून चांगला धडा नाही, कारण होऊ शकणाऱ्या बहुतेक चुका या एकाच सिनेमाच्या वाट्याला आल्या आहेत.

सगळी पारख एका गोष्टीवर उभी आहे: डिस्क आजच्या सिनेमाशी ताडायची नाही, त्या सिनेमाच्या स्वतःच्या घडणीशी ताडायची. कुठल्या फिल्मवर, कुठल्या पद्धतीने, कुठल्या साली तो काढला आणि पडद्यावर कसा पोचला, हे ठाऊक नसेल तर आपण नुसतं 'किती चकचकीत दिसतंय' एवढंच म्हणत बसतो.

आधी टीव्हीला वळण लावा

डिस्कला नावं ठेवण्याआधी आपला टीव्ही काय उद्योग करतोय ते बघा. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा 'व्हिव्हिड' किंवा 'स्टँडर्ड' मोडवर असतो. तो रंग भडक करतो, कडा कोरतो, ग्रेन (फिल्मच्या चित्रातले बारीक कण) पुसतो आणि दोन फ्रेम्सच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. मग मेनूत शिरून हालचाल मऊ करणारी सोय बंद करा. सॅमसंग तिला आधी ऑटो मोशन प्लस म्हणायचं, आता पिक्चर क्लॅरिटी म्हणतं; एलजी ट्रूमोशन, सोनी मोशनफ्लो. नॉइज रिडक्शनचे, म्हणजे चित्रातली खरखर पुसणारे, सगळे पर्याय बंद. वीज वाचवणारा मोड आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा कमी-जास्त करणारा सेन्सरही बंद, नाहीतर दिवेलागणीला बघितलेला सिनेमा आणि दुपारी बघितलेला सिनेमा वेगळा दिसेल.

शार्पनेसबद्दल जपून. काही टीव्हीत शून्य म्हणजे 'काहीच करू नको', काहींत शून्य म्हणजे 'मुद्दाम धूसर कर'. काळ्या अक्षरांचं एखादं स्थिर चित्र लावून आकडा हळूहळू उतरवा. अक्षरांभोवतीची पांढरी कड जिथे नाहीशी होते तिथे थांबा.

कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, कारण डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. ही सवय मोडल्याशिवाय या सिनेमाच्या पिवळेपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

बसायचं किती लांब? ५५ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर भरते. तिच्या तिप्पट, म्हणजे दोन मीटर, हे साध्या ब्लू-रेसाठी ठीक. ४के ची बारकी कामगिरी बघायची तर आणखी पुढे सरकावं लागतं. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला अशी मांडणी असते. तिथून ४के आणि ब्लू-रेतला फरक शोधणं म्हणजे डोळ्यांना उगाच शिक्षा. आणि खोली अंधारी करा, निदान पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तरी नको.

सिनेमाची जन्मपत्रिका

आता या सिनेमाची घडण. तो टेक्निस्कोपमध्ये चित्रित झाला, कॅमेरा टोनिनो देल्ली कोल्लीचा. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चार भोकांएवढी उंची मिळते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. त्यामुळे फिल्म निम्मी लागते. नेहमीच्या पद्धतीत हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, इथे बावीस. इटलीतल्या निर्मात्यांना ही काटकसर भलतीच आवडली. रुंद पडद्याचं चित्र साध्या लेन्सने मिळायचं, आणि थिएटरसाठी प्रिंट काढताना ते ऑप्टिकल पद्धतीने मोठं करून ॲनामॉर्फिक केलं जायचं, म्हणजे आडवं दाबलं जायचं; प्रोजेक्टरची लेन्स ते परत पसरवायची.

याचे दोन परिणाम डिस्क बघताना सतत लक्षात ठेवायचे. एक, निगेटिव्हवरचं चित्र मुळातच लहान, म्हणून ग्रेन जाड. दोन, साध्या आणि कमी फोकल लेंथच्या लेन्समुळे जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट राहू शकतं. लिओनेने याचा केवढा फायदा उठवला ते पहिल्याच शॉटमध्ये दिसतं. ओसाड माळरान, आणि अचानक कॅमेऱ्यापुढे अगदी जवळ येऊन उभा राहिलेला अल म्युलॉक या नटाचा रापलेला चेहरा. त्या चेहऱ्यावर प्रत्येक सुरकुती हवी आणि वर आकाशात जिवंत, हलता ग्रेन हवा. दोन्ही असेल तर सुरुवात चांगली झाली.

कुठलाही सिनेमा हाती घेतलात तरी ही पत्रिका आधी मांडा: साल, फिल्मचा प्रकार, फ्रेमचं प्रमाण, मूळ लांबी, आवाज मोनो की स्टिरिओ, आणि थिएटरच्या प्रिंट कशा काढल्या जात. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे गैरसमज वाचतात.

कव्हरवरच्या शब्दांत काय लपतं

'४के रिस्टोरेशन', '४के स्कॅनवरून', 'डिजिटली रीमास्टर्ड' हे तीन वेगळे दावे आहेत. रिस्टोरेशनमध्ये ओरखडे, फाटलेल्या फ्रेम्स, उडालेले रंग यांवर फ्रेमगणिक काम झालेलं असतं. '४के स्कॅनवरून' म्हणजे फिल्म त्या तपशिलात वाचली एवढंच. पुढची कामं कमी तपशिलातही झालेली असू शकतात. 'रीमास्टर्ड' हा शब्द तर इतका ढिला आहे की तो कशालाही चिकटतो.

खरा प्रश्न स्कॅन कशाचं केलं हा. मूळ कॅमेरा निगेटिव्ह सगळ्यांत वर. त्यावरून काढलेली इंटरपॉझिटिव्ह त्याखाली, तिच्यावरून काढलेली ड्यूप निगेटिव्ह आणखी खाली आणि थिएटरची प्रिंट तळाला. एकेक पायरी उतरताना तपशील जातो, कॉन्ट्रास्ट चढतो, ग्रेनवर ग्रेन साचतो. चांगला प्रकाशक पुस्तिकेत किंवा सिनेमाच्या आधीच्या पाटीवर हे स्पष्ट लिहितो. काहीच लिहिलेलं नसेल तर माझा संशय वाढतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

या सिनेमाकडून ४के मध्ये अचाट तपशिलाची अपेक्षा धरू नका. दोन भोकांच्या फ्रेममध्ये जेवढं मावतं तेवढंच बाहेर येणार. ४के चा इथला फायदा वेगळा आहे: ग्रेनचा पोत नीट उमटतो, चिवडा होत नाही.

ग्रेन: इथे घाई नको

बहुतेक वाद इथेच होतात. ग्रेन म्हणजे घाण नाही, सिग्नलमधला खरखराटही नाही. चित्र ज्याचं बनलं आहे तोच तो पदार्थ. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात ज्यांनी ३५ मिमी प्रिंट बघितल्या आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. ज्यांची ओळखच मोबाइलवरच्या सिनेमापासून झाली त्यांना मात्र जुन्या सिनेमाची चांगली ब्लू-रे आधी 'खराब' वाटते.

२००९ च्या ब्लू-रेवर मुख्य आक्षेप होता तो ग्रेन पुसण्याचा. सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेम्स ताडतं, जे बदलतं ते नको म्हणून पुसतं आणि जे स्थिर आहे ते ठेवतं. घामेजलेल्या कपाळावरचे थेंब, दाढीचे खुंट, कापडाची वीण हे सगळं त्या झाडूखाली सापडतं. माणूस मेणाचा दिसायला लागतो.

हे कसं पकडायचं? शेवटच्या त्रिकोणी द्वंद्वात लिओने चेहऱ्यांच्या आणि डोळ्यांच्या इतक्या जवळ जातो की पडद्यावर फक्त भुवया आणि बाहुल्या उरतात. तिथे त्वचेची छिद्रं बघा. मग चेहरा हलतो त्या क्षणी बघा: स्थिर असताना दिसणारा तपशील हलताना विरघळतो का, आणि मान थांबली की परत येतो का? तसं होत असेल तर नॉइज रिडक्शन नक्की. दुसरी खूण आकाशात. ग्रेन प्रत्येक फ्रेमला नवा असतो, तो सळसळतो. काही डिस्कवर तो काचेला चिकटलेल्या धुळीसारखा जागच्या जागी गोठलेला दिसतो आणि त्यामागून घोडे जातात. हे एकदा दिसलं की पुढे सिनेमा बघवत नाही, म्हणून हळव्या लोकांनी शोधू नये.

पुसापुशी झाल्यावर चित्र मऊ पडतं, मग त्याला धार लावायची म्हणून कडा कोरल्या जातात. टोपीच्या काठावर, किंवा आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या स्वाराभोवती बारीक उजळ रेघ दिसते ती हीच. आधी पॉझ करून जवळून बघा, पण निकाल चालत्या चित्रावरूनच द्या. थांबवलेल्या फ्रेममध्ये ग्रेन नेहमीच ओबडधोबड दिसतो.

सगळीकडे ग्रेन सारखाच असावा, असा हट्ट धरू नका. इजिनिओ लार्दानीची ती रंगांच्या फटकाऱ्यांची नामावली ऑप्टिकल काम आहे, म्हणजे एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर उतरवलेलं. एका दृश्यातून दुसरं उमलतं तिथेही चित्र एक-दोन पिढ्या खाली उतरलेलं असतं. तिथे ग्रेन जाड आणि रंग जरा मळके दिसणं बरोबरच. उलट अशा जागा आजूबाजूच्या शॉटइतक्याच स्वच्छ दिसल्या तर कुणीतरी जास्त हात चालवला, असं समजा.

धूळ-ओरखडे साफ करणारी आपोआप चालणारी सॉफ्टवेअरं आणखी एक घोळ घालतात. एकाच फ्रेममध्ये दिसणारी कुठलीही लहान वस्तू त्यांना कचरा वाटते. ब्लाँडी (क्लिंट ईस्टवुड) गोळी झाडून टुकोच्या (ईलाय वॉलक) फासाचा दोर तोडतो ते क्षण फ्रेम-फ्रेमने पुढे न्या. धुराचे पुंजके, उडालेले तंतू, नळीतून निघालेली ठिणगी शाबूत आहे का बघा. त्यापेक्षा एखादा ओरखडा राहिलेला मला चालतो.

काळोख

सुरुवातीला खलनायक एंजल आईज शेतकऱ्याच्या घरात येतो तो प्रसंग लावा. आत अंधार, मागे दारातून रणरणतं ऊन, समोर त्या भूमिकेतला, काळ्या कपड्यांतला ली व्हॅन क्लीफ. टोपीची कड आणि कोटाच्या घड्या वेगळ्या दिसायला हव्यात. नुसता काळा गठ्ठा दिसला तर सावल्या चिरडल्या आहेत. उलट काळं राखाडी दिसलं, तर आधी प्लेअर आणि टीव्हीची व्हिडिओ लेव्हल जुळते का तपासा. एक 'लिमिटेड' आणि दुसरा 'फुल' असला की असं होतं आणि शिव्या डिस्कला बसतात.

एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र. त्याबद्दल एकच सांगतो. थिएटरात पडद्यावरचा पांढरा साधारण ४८ निट्सचा (निट हे उजेडाचं माप) असायचा. तुमचा टीव्ही हजारावर जाऊ शकतो म्हणून १९६६ च्या उन्हाने डोळे दिपायला हवेत असं नाही. जुन्या सिनेमाच्या एचडीआरमध्ये संयम दिसला तर तो दोष समजू नये.

रंग, म्हणजे पिवळ्याचं प्रकरण

२०१४ च्या ४के रीमास्टरने तपशील वाढवला, पण त्याबरोबर सगळ्या सिनेमावर पिवळी झाक आली. २०१७ च्या आवृत्तीत ती सुधारण्याचा प्रयत्न झाला. आता तुमच्या हातात यांपैकी कुठलीही डिस्क आहे, ठरवायचं कसं?

पहिली कसोटी अगदी सोपी. सबटायटल चालू करा किंवा डिस्कचा मेनू आणा. ती अक्षरं पांढरी आहेत. ती पांढरी दिसत असतील आणि त्यांच्या मागचे ढग लिंबाच्या रंगाचे दिसत असतील, तर दोष टीव्हीचा नाही, रंगसंस्काराचा, म्हणजे डिस्क बनवताना रंग ठरवण्याच्या कामाचा आहे. अक्षरंही पिवळी दिसली तर टीव्हीकडे परत जा.

दुसरी: झाक प्रसंगानुसार बदलते का? संध्याकाळचं ऊन पिवळं असणं स्वाभाविक आहे. कंदिलाचा उजेडही. पण भर दुपारचं वाळवंट, घराचा आतला भाग, ढगाळ युद्धभूमी आणि रात्र या सगळ्यांवर एकाच जातीचा पिवळा पसरला असेल तर तो उजेडाचा रंग नव्हे, वरून ओतलेला आहे. अशा वेळी निळं हिरवटाकडे सरकतं. स्पेनचं आकाश मोरपंखी झालं की समजा.

तिसरी कसोटी खुद्द कथेत आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत भरवशाची. काळ अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाचा. टुको आणि ब्लाँडी दक्षिणेच्या सैन्याचे कपडे घालून घोडागाडीतून निघालेत. समोरून राखाडी गणवेशातलं घोडदळ येताना दिसतं. टुको आनंदाने दक्षिणेचा जयजयकार करायला लागतो. तेवढ्यात जवळ आलेला अधिकारी बाहीवरची धूळ झटकतो आणि खालून उत्तरेचा निळा गणवेश निघतो. दोघेही सरळ कैदेत. आता बघा: धूळ झटकण्याआधी ते कपडे आपल्यालाही राखाडी वाटतात का, आणि झटकल्यावर तो निळा टचकन डोळ्यांत भरतो का? पिवळी झाक जास्त असेल तर राखाडी खाकी होतो आणि निळा हिरवट, मळका निघतो. विनोद फुसका होतो. रंगाचा निवाडा करायला याहून चांगली पट्टी कुठल्याही यंत्रात मिळणार नाही, कारण त्या क्षणी तो निळा निळाच दिसायला हवा होता हे दिग्दर्शकानेच कथेत लिहून ठेवलं आहे. दुसरा सिनेमा पारखताना अशीच जागा हुडका, जिथे रंगाला कथेत काम आहे.

मग 'मूळ रंग' कुठला? इथे थोडं नमतं घ्यावं लागतं. त्या काळच्या टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर प्रिंट सहसा फिकट पडत नाहीत, म्हणून त्या रंगाचा चांगला पुरावा असतात. साध्या ईस्टमनकलर प्रिंट मात्र सायन (हिरवट निळा) उडून गुलाबी पडतात; त्यांच्यावरून काही ठरवू नये. पण डाय-ट्रान्सफर प्रिंटही एकमेकींशी तंतोतंत जुळत नसत, आणि प्रोजेक्टरच्या जुन्या कार्बन आर्क दिव्याच्या उजेडात त्या जशा दिसत तशा पुढच्या झेनॉन दिव्यात दिसत नसत. म्हणजे मूळ रंग हा एक ठिपका नसून एक पट्टा आहे. २०१४ च्या झाकेवर माझा आक्षेप ती त्या पट्ट्याबाहेर जाते हा आहे; ती नावडते हा नाही.

कोणाची मान्यता होती, हेही विचारावं. लिओने १९८९ मध्ये गेला, देल्ली कोल्ली २००५ मध्ये. त्यामुळे नंतरच्या कुठल्याही रंगसंस्कारावर त्यांची सही असणं शक्यच नाही.

चौकट

प्रमाण २.३५:१ हवं, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या राहणारच. 'पडदा भरत नाही' म्हणून झूम करणाऱ्या नातेवाइकांपासून रिमोट लांब ठेवा. तिघेजण गोल रिंगणात उभे असतात तेव्हा चौकटीचा कोपरान् कोपरा वापरलेला आहे. जुन्या चौकोनी टीव्हीवर त्याचं काय व्हायचं ते आठवून बघा. टीव्हीचं ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) बंद आहे ना तेही बघून घ्या.

चित्र डुलतं का हे काळ्या पट्टीच्या कडेजवळच्या एखाद्या स्थिर वस्तूवरून कळतं. कबरीवरचा क्रूस चांगला. टेक्निस्कोपमध्ये दोन फ्रेम्समधली जागा अरुंद असल्याने कटच्या क्षणी जोड किंवा हलका धक्का दिसू शकतो. तो दुरुस्त केलेला असेल तर उत्तम, राहिला असेल तर गुन्हा नाही.

किती मिनिटांचा?

आंतरराष्ट्रीय आवृत्ती सुमारे १६१ मिनिटांची. इटलीतली त्याहून लांब होती. २००३ मध्ये इंग्रजीत एक वाढीव आवृत्ती तयार झाली, १७९ मिनिटांची. तिच्यात इंग्रजीत कधीच डब न झालेले प्रसंग घातले आणि त्यांच्यासाठी क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलक यांनी नव्याने संवाद म्हटले. ईस्टवुड तेव्हा सत्तरीपार, वॉलक ८७ वर्षांचा. ली व्हॅन क्लीफ हयात नव्हता, त्याचा आवाज दुसऱ्या कलाकाराने दिला. कान तयार असेल तर वाक्यागणिक वय वाढल्याचं कळतं.

टुको गुहेत जाऊन साथीदार गोळा करतो तो प्रसंगही या वाढीव आवृत्तीत आहे. तो लिओनेने स्वतः रोमच्या पहिल्या खेळानंतर काढून टाकला होता. म्हणजे 'सगळ्यांत लांब ती सगळ्यांत खरी' हे समीकरण इथे चालत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी १६१ मिनिटांचीच सुचवतो. नंतर हौस म्हणून लांब बघावी.

डिस्क घेताना पाठीमागची मिनिटं मोजायची सवय लावा, पण एक खोच आहे. पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर, आणि भारत पालवालाच देश, २४ फ्रेम्सचा सिनेमा सेकंदाला २५ फ्रेम्सनी पळवला जातो. १६१ मिनिटांचा सिनेमा १५५ च्या आत संपतो. काहीही कापलेलं नसतं.

आवाज

त्या पळवापळवीत सूरही चढतो, जवळजवळ अर्ध्या स्वराने. काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जातं. एन्निओ मोरिकोनेचं संगीत असलेल्या सिनेमात हे कानाआड करता येत नाही. ब्लू-रेवर सिनेमा २४ फ्रेम्सनीच चालतो, त्यामुळे हा प्रश्न सहसा मिटतो.

खरी गोम मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत) आणि ५.१ (भोवतालच्या सहा स्पीकरांत वाटलेला) यांत आहे. सिनेमा मोनोत मिसळला गेला होता. पुढे ५.१ मिश्रण केलं तेव्हा बंदुकांचे आणि तोफांचे बरेच आवाज नवे घातले गेले. या जातीच्या इटालियन सिनेमांत गोळीचा आवाज खरा वाटावा असा हेतूच नव्हता. तो एक विशिष्ट सणसणीत, घंटेसारखा उमटणारा, अतिरंजित आवाज होता, जवळजवळ एखाद्या वाद्यासारखा. त्याजागी आजचा दणका बसवला की सोफा हादरतो पण सिनेमा बदलतो. म्हणून डिस्कवर मूळ मोनो आहे का आणि तो लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेला) आहे का, हे चित्राइतकंच महत्त्वाचं. नुसतं 'मोनो' लिहिलेलं पुरेसं नाही, कारण ५.१ दाबून मोनो केल्याचेही प्रकार होतात. तपासायला टुको बंदुकीच्या दुकानात वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरचे भाग सुटे करून कानाशी धरतो तो प्रसंग लावा. प्रत्येक खटका, सिलिंडरची प्रत्येक गरगर सुटी ऐकू यायला हवी. मग दोन्ही ट्रॅक आलटून पालटून पहिल्या गोळीबारावर लावा. फरक कळायला हेडफोनही लागत नाही.

मोनो ऐकताना ॲम्प्लिफायर त्याला आजूबाजूच्या स्पीकरांत पसरवत नाही ना ते बघा. 'डायरेक्ट' मोड लावा. पार्श्वभूमीला हलकी सरसर असणं साहजिक आहे. त्या काळच्या ऑप्टिकल ट्रॅकवर अति उंच स्वर मुळातच कमी. वाईट चिन्ह वेगळं: संवाद सुरू झाला की सरसर येते आणि थांबला की एकदम मेल्यासारखी शांतता पसरते. तिथे आवाजावरही झाडू फिरला आहे. टुको कबरींमधून धावतो तेव्हाचा गायिका एद्दा देल'ओर्सोचा आवाज हीही चांगली परीक्षा. तो वर चढताना चिरकतोय का, की पांघरुणातून आल्यासारखा येतोय?

ओठ जुळत नाहीत म्हणून डिस्क परत करू नका. सेटवर कोणी इंग्रजी, कोणी इटालियन, कोणी स्पॅनिश बोलत होतं आणि आवाज नंतर भरले गेले. इंग्रजी ट्रॅकवर जुळणी तपासायची तर ईस्टवुड, वॉलक आणि व्हॅन क्लीफ या तिघांच्याच ओठांकडे बघा, किंवा दार आपटणं, गोळी सुटणं अशा गोष्टींकडे. इटालियन ट्रॅक लावलात तर ईस्टवुडच्या तोंडून एन्रिको मारिया सालेर्नोचा आवाज येईल. तेव्हा खालची सबटायटलं त्या इटालियन संवादांची आहेत की इंग्रजी डबिंगची नुसती नक्कल आहेत, तेही बघा. आळशी डिस्कवर दुसरा प्रकार असतो.

दाबून भरलेला सिनेमा

तीन तासांचा ग्रेनवाला सिनेमा ही कॉम्प्रेशनची परीक्षाच. साधी ब्लू-रे एका थराची असेल तर २५ जीबी, दोन थरांची ५०. यूएचडी बहुधा ६६ किंवा १००. लांब सिनेमा, वर दोन-तीन ऑडिओ ट्रॅक आणि त्याच डिस्कवर तासांच्या पुरवण्या कोंबल्या असतील तर चित्राच्या वाट्याला कमी येतं. पूल उडवतात तो प्रसंग बघा. (चित्रीकरणात हा पूल कॅमेरे तयार नसतानाच उडाला आणि पुन्हा बांधावा लागला, पडद्यावरचा दुसरा.) धूर, माती, फळकुटं एकाच वेळी उडतात, तिथे चौकोनी ठोकळे दिसतात का? मग टुकोच्या धावण्यात कॅमेरा गरागरा फिरतो तिथे ग्रेन टिकतो की नुसते रंगांचे पट्टे उरतात? ओटीटीवर याच दोन जागी सगळ्यात आधी माती होते, मग तिथे ४के लिहिलेलं असो वा नसो. त्यामुळे रिस्टोरेशनबद्दलचं मत ओटीटीवरून बनवू नये.

इतरांचे स्क्रीनशॉट

तुलनेची चित्रं उपयोगी असतात, पण अटींवर. दोन्ही बाजूंना नेमकी तीच फ्रेम हवी. एचडीआरचं चित्र साध्या पडद्यासाठी उतरवताना उजेड आणि रंग बदलतात, म्हणून त्यावरून ४के डिस्क काळपट किंवा फिकी ठरवू नका. कॉम्प्रेशनमुळे शेजारशेजारच्या दोन फ्रेम्सची प्रतही सारखी नसते. स्थिर चित्रात चौकट, चिरडलेल्या सावल्या, कोरलेल्या कडा आणि रंगाची झाक ओळखता येते. गोठलेला ग्रेन, डुलणं, हलताना विरघळणारा चेहरा हे मात्र कधीच कळत नाही. दहापैकी नऊ भांडणं या दुसऱ्या गोष्टींवर पहिल्या पुराव्याने चाललेली असतात.

भारतात बसून विकत घेताना

ब्लू-रेच्या विभागणीत भारत रीजन सी मध्ये येतो, अमेरिका ए मध्ये, ब्रिटन बी मध्ये. ४के यूएचडीला रीजनचं कुलूप नसतं. यातून एक गंमत होते. किनो लॉर्बरच्या २०२१ च्या संचात ४के डिस्कवर थिएटरची आवृत्ती आहे आणि वाढीव आवृत्ती सोबतच्या साध्या ब्लू-रेवर. न्यू जर्सीच्या भावाने येताना संच आणला, तर पहिली डिस्क इथल्या यूएचडी प्लेअरवर सुखाने चालेल आणि दुसरीवर रीजन ए चं कुलूप असलं तर ती अडेल. म्हणून मागवण्याआधी संचातल्या प्रत्येक डिस्कचा रीजन वेगवेगळा तपासा, आणि प्लेअर अजून घ्यायचा असेल तर ब्लू-रेसाठीही मल्टी-रीजन असलेला बघा.

डिस्क हाती आली की पूर्ण सिनेमा बघायच्या आधी या क्रमाने तासभर द्या: म्युलॉकचा चेहरा, नामावली, शेतकऱ्याचं घर, बंदुकीचं दुकान दोन्ही ट्रॅकवर, फासाचा दोर, धूळ झटकणारा अधिकारी, पूल, कबरस्तान, आणि शेवटचे डोळे. विकत घेतलेल्या ठिकाणी परत करायची मुदत किती आहे ते त्याआधी वाचून ठेवा.